दरेकशाच्या चढावरचा गोड वास

शामकलाच्या नाकाची कीर्ती तिच्याआधी सासरी पोहोचली होती. लग्नाच्या मांडवातच, दुधानं भरलेल्या गंजाजवळून जाताना नवरीनं पदराआडून सांगितलं, ‘हे दूध चहाले नोको,’ आणि कोणी ऐकलं नाही म्हणून साऱ्या वऱ्हाडाचा चहा फाटला. तेव्हापासून सालेकशाच्या त्या मोहल्ल्यात कोणाला कशाची शंका आली की वाटी शामकलाकडे यायची. कोणाचा भात बुडाला लागला, कोणाच्या कोठीत धान ओलं राहिलं, कोणाच्या सुनेनं केसांना नवं तेल लावलं, हे ती ओसरीवर बसल्याबसल्या सांगे, आणि बहुतेक बरोबर सांगे.

एवढं नाक असलेल्या बाईला नवरा असू नये. असलाच तर घरात बसणारा असावा. शामकलाचा नवरा लीलाधर ड्रायव्हर होता.

तरी पुष्कळ वर्षं बरी गेली. लीलाधर गोंदियाच्या एका राइस मिलचा ट्रक चालवी. घरी आला की अंगाला कोंड्याचा वास आणि बाहीला डिझेलचा. दोन्ही वास शामकलाच्या ओळखीचे, दोन्ही निर्दोष. त्या दोन वासांत तिनं संसार सुखानं काढला, पोराचं लग्न केलं, त्याला नागपूरला नोकरीवर धाडलं. मग लीलाधरचे गुडघे ट्रकवर चढेनात. त्यानं मिल सोडली आणि एक दिवस जुनी पांढरी व्हॅन दारात आणून उभी केली. सालेकसा ते दरेकसा सवारी मारायची, बाजाराच्या दिवशी आमगाव. व्हॅन अशी जुनी की बाहेरून सवारीनं दार ओढावं आणि आतून लीलाधरनं लाथ मारावी, तेव्हा ते उघडे.

शामकलानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “लय जुनी हाय जी. चढावर तापन.”

“मिलचा ट्रक चिचगडच्या जंगलातून काढला म्या,” लीलाधर म्हणाला. “माह्या हातची गाडी तापत नाई.”

हे तो साऱ्या मोहल्ल्यासमोर म्हणाला. माणूस चारचौघांत असं एकदा बोलला की मग त्या बोलण्यामागं धावत राहावं लागतं.

दिवाळी झाली. गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, लागल्या, सकाळी तोंडातून धूर निघू लागला. एका संध्याकाळी लीलाधरनं स्वेटर काढून खुंटीला अडकवलं आणि शामकलाचं नाक जागं झालं.

स्वेटरला गोड वास होता. शिजवलेल्या मोहफुलांचा.

चैत्रात कोणी असा वास घेऊन आला असता तर तिनं वळूनही पाहिलं नसतं. चैत्रात झाडाखालची माती, बायांच्या टोपल्या, शाळेतली पोरं, सगळ्यांनाच मोहाचा वास. पण कार्तिकात? कार्तिकात मोह असतो तो कोणाच्या तरी घरी मडक्यात झाकलेला. तो शिजवायला कोणीतरी चूल पेटवावी लागते. आणि वास स्वेटरात मुरायला त्या चुलीजवळ कोणीतरी स्वेटर घालून बसावं लागतं.

दरेकशाच्या वाटेवर कार्तिकात मोह शिजवणारं एकच घर शामकलाला ठाऊक होतं. मंजूचं.

चढ सुरू झाला की दुसऱ्याच वळणावर मंजूचं घर. तिचा नवरा वारला होता, पोरी आपापल्या घरी गेल्या होत्या. बचत गटाच्या बायांना घेऊन ती मोहाचे लाडू करायची. लाडू जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेले, पेपरात मंजूचा फोटो आला. शामकलानं तो पेपर न उघडताच चुलीत घातला. काऊन, ते तिनं कोणाला सांगितलं नाही, पण मोहल्ल्याला कळलं. कारण लग्नाआधी लीलाधर त्याच मंजूला पाहायला गेला होता.

लीलाधर स्वतः याबद्दल कधी बोलला नाही. बोलली ती नणंद. शामकला घरात नवी होती, भाजीत मीठ जास्त पडलं होतं, आणि नणंद ताट सरकवत म्हणाली, ‘दादानं मंजूले हो म्हनलं असतं तं बरं झालं असतं.’ भाजीतलं मीठ शामकला केव्हाच विसरली. नणंदेशीही पुढं गोडीगुलाबी झाली. मंजू मात्र तशीच्या तशी राहिली, न पाहिलेली, न म्हातारी होणारी, भाजीत बरोबर मीठ घालणारी.

शामकला रोज स्वेटर उन्हात टाकायची, आणि टाकण्याआधी हुंगायची. आमगावच्या बाजाराचा दिवस असला की स्वेटरला कांद्याचा आणि धुळीचा वास. दरेकशाचा दिवस असला की मोह. पुन्हा आमगाव, पुन्हा कांदे. पुन्हा दरेकसा, पुन्हा मोह. याहून मोठा पुरावा कोर्टातही मागत नसतील.

मग बाह्या ओल्या येऊ लागल्या.

“बाही काऊन ओली जी?”

“हात धुतले.”

“कोपरापर्यंत?”

“गाडीचं काम रायते.”

“कोनाच्या विहिरीवर धुतले?”

लीलाधरनं पेपर उघडला. पेपर उलटा नव्हता, पण चार दिवसांचा शिळा होता.

पुढल्या आठवड्यात त्याच्या उजव्या पंजावर मोठा फोड आला. शामकलानं हात उजेडात धरला.

“हे काय?”

“वाफ लागली.”

“वाफ ड्रायव्हरले लागते का रांधणाऱ्याले?”

“गरम झाकनाले हात लागला वो.”

“कोनाच्या कढईचं?”

“कढईचं कायले? झाकन होतं.”

“झाकन काय हवेत रायते?”

तिनं फोडावर तूप लावलं. लावताना बोट जरा जोरातच फिरलं. लीलाधर ओय म्हणाला नाही, आणि तेच तिला खुपलं. निर्दोष माणूस ओय म्हणतो.

तेवढ्यात शेजारची दुर्गेश्वरी माहेराहून परत आली. तिचं माहेर त्याच चढाच्या वर. विळी मागायला म्हणून आली आणि विळी न घेताच बसली.

“काकी, काकाजीची तब्येत बरी हाय ना?”

“काऊन व?”

“नाई, रोज मंजूबाईच्या दारात गाडी उभी दिसते. मले वाटलं, दवापानी घेत असतीन.”

शामकलानं तिला चहा पाजला, विळी दिली, दारापर्यंत सोडलं. मग आत येऊन लीलाधरचं स्वेटर खुंटीवरून काढलं आणि पुन्हा खुंटीलाच लावलं. दोनदा तसंच केलं. मंजूच्या दारात नवरा काय करतो, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. त्यापुढं काय करायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. भांडायला तिला येत होतं, पण हरल्यावर काय करतात ते माहीत नव्हतं.

रात्रीच्या जेवणात ती म्हणाली, “वरच्या गावाच्या मंडईले मी येऊन राहिली.”

लीलाधरचा घास थांबला. “गाडी भरलेली रायते.”

“भरलेल्या गाडीत मी मावतो.”

“तुही कंबर दुखते.”

“माही कंबर दिवाळीपासून दुखून राहिली. आजच आठवली?”

“एसटीनं जाऊ आपन.”

“घरची गाडी दारात आन एसटीनं?” शामकला म्हणाली. “लोक म्हनतीन, गाडीत काई लपवलं हाय.”

लीलाधरनं पाणी प्यायलं आणि पुढं वाद घातला नाही. त्याचं ते न बोलणंही तिनं मनात टिपून ठेवलं.

मंडईच्या दिवशी तिनं पिवळं पातळ नेसलं, तोंडाला पावडर लावली, जोडवी घासली आणि पुढल्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसली. मागं दुर्गेश्वरी, तिची सासू, टोपलीत कोंबडा घेतलेले एक बुढे गृहस्थ आणि मंडईला निघालेल्या आणखी दोघी-तिघी. असल्या जुन्या व्हॅनचं इंजिन पुढल्या सीटखालीच असतं, त्यामुळं थंडीत ती जागा मानाची. शामकला मानानंच बसली, आणि बसल्याबसल्या कामाला लागली. तिनं आरशाजवळ हुंगलं, उदबत्तीची राख. पायाखालच्या रबराजवळ हुंगलं, चिखल. मागून खोबरेल तेल, कोंबडा, कोणाच्या तरी पिशवीतले फुटाणे. मोह कुठंच नाही.

“सर्दी झाली का वो?” लीलाधरनं विचारलं.

“नाई. रस्ता पाहा.”

सपाट रस्ता संपला. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली, गाडीनं गिअर बदलला आणि कण्हायला सुरुवात केली. पहिलं वळण गेलं. आणि शामकलाच्या बुडाखालून, अगदी खालून, गोड वास वर आला.

ती जागच्या जागी ताठ झाली. वास सीटमध्ये होता. याचा अर्थ एकच. ही जागा मंजूची. लाडवांचे डबे मांडीवर घेऊन मंजू इथंच बसत असणार, रोज, थंडीत, ऊब घेत. इतकी बसली की तिचा वास गादीत मुरला. शामकलाला उठून उभं राहावंसं वाटलं, पण गाडीत उभं राहून माणूस जाईल कुठं? सीट तापत चालली होती. आधी शेक बसला, मग चटका. रागानंच अंग तापलं असं तिला वाटलं. लीलाधर रस्त्याकडं कमी आणि समोरच्या तबकडीतल्या एका काट्याकडं जास्त पाहत होता. त्याच्या कपाळावर घाम होता, थंडीत.

दुसरं वळण आलं आणि गाडी, कोणी न सांगता, मंजूच्या दारात जाऊन उभी राहिली. पुढून वाफ निघत होती.

मंजू बाहेर आली. शामकलानं तिला पहिल्यांदा पाहिलं. पांढरे केस, वाकलेली पाठ, दातांत एक फट. म्हातारी झाली होती की. शामकलाला क्षणभर बरं वाटलं. मग मंजूच्या एका हातात भरलेली बादली दिसली आणि दुसऱ्या हातात चिंधी, आणि बरं वाटणं संपलं.

“आला का गा लीलाधर?” मंजू म्हणाली. “आज लवकर तापली. वजन जास्त झालं का?”

गा. लीलाधर. अशी एकेरी हाक. शामकलानं इतक्या वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं, उखाण्यात घेतलं तेवढंच. मागं दुर्गेश्वरीनं सासूला कोपर मारलं ते तिला पाठीनं दिसलं.

लीलाधर खाली उतरला. “हे माही घरची,” तो मंजूला म्हणाला, जमिनीकडं बघत.

“ये वो बाई,” मंजू म्हणाली. “पाच-दहा मिनिटं लागतीन. घाई केली तं तुह्या मानसाचा हात पोळते. मांगं पोळलाच.”

अंगणात खरोखर चूल पेटली होती, आणि चुलीवरच्या कढईत खरोखर मोह शिजत होता. शामकला थेट कढईपाशी गेली. पाहुणी आधी पाणी पिते, बसते. ही वाकली आणि तिनं कढईवर नाक धरलं. बचत गटाच्या बाया लाडू वळायचं सोडून पाहू लागल्या.

मोहाच्या वासात ऊन होतं. माती होती, किंचित आंबूसपणा होता, आणि मागं कुठंतरी चढणारी नशा होती. हा वास जिवंत होता.

ती वळली, साऱ्यांसमोर लीलाधरच्या स्वेटरची बाही धरली आणि हुंगली. मग पुन्हा कढई. मग पुन्हा बाही.

“बाई काय करून राहिली?” कोंबडेवाल्या गृहस्थांनी विचारलं.

“इचारू नोका,” दुर्गेश्वरी म्हणाली.

बाहीतला वास गोड होता, पण त्यात फूल नव्हतं. लहान पोरांच्या खोकल्याच्या औषधासारखा कोरडा गोडवा, आणि त्याच्या पाठीला तापलेल्या रबराचा वास. इतके दिवस गोड एवढंच तिच्या ध्यानात आलं होतं. बाकीचं तिच्या नाकानं सांगितलं असणार, पण तिनं ऐकलं नव्हतं.

“सीट उचला,” ती लीलाधरला म्हणाली.

“गरम हाय वो.”

“उचला म्हनलं ना. झाकनाले हात नोका लावू, फक्त सीट उचला.”

लीलाधरनं सीट उचलली. शामकलानं पदर कमरेला खोचला आणि इंजिनच्या कडेनं, हातभर अंतर ठेवून, नाक फिरवलं. इकडं नाही. इकडं तेल. इथं जरा. इथं जास्त. एका काळ्या रबरी पाइपाच्या टोकाशी ती थांबली. पाइप जिथं लोखंडावर चढवून पट्टीनं आवळला होता तिथं बारीक चीर होती, आणि चिरेभोवती हिरवट पांढरी पपडी जमली होती. बघताबघता चिरेतून एक थेंब सुटला, खालच्या तापलेल्या नळीवर पडला, चर्र झाला आणि वाफ झाला. त्या वाफेला वास होता. स्वेटराचा.

“हे पाहा तुमचा मोह,” शामकला म्हणाली.

लीलाधर वाकून पाहत राहिला. “म्या समोर शोधत होतो. हे दिसलंच नाई. थंडी गाडी असली की गळत नाई ना. चढावर जोर आला की गळते.”

“पन पान्याले गोड वास कायचा?”

“नुसतं पानी नाई ते. कुलंट रायते, हिरवं पानी. इंजिन थंडं ठेवाले. कमी झालं की टाकतो म्या. पान्यात मिसळून.”

“कोठून टाकता? घरी तं डबा पाहिला नाई.”

लीलाधर पुन्हा पाइपाकडं पाहू लागला. मंजूच बोलली, सहज, चुलीतलं लाकूड मागं ओढत. “डबा माह्या घरी ठेवते ना तो. थो का, फळीवर.”

शामकलानं फळीकडं पाहिलं. मिठाच्या बरणीशेजारी हिरव्या पाण्याचा डबा होता, झाकण पुसलेलं, खाली कागद घातलेला. नीट ठेवलेला. आणि आता, वासाचं कोडं सुटलं, पाइप सापडला, नवरा निर्दोष ठरला, तेव्हा शामकलाला खरी आग लागली. नवरा मंजूकडं मोहासाठी आला असता तर तिनं भांडण केलं असतं आणि ते तिला जमलं असतं. पण हा आला होता आपली गाडी तापते हे सांगायला. जे बायकोपासून लपवलं ते त्यानं मंजूच्या फळीवर ठेवलं होतं.

ती ओसरीवर जाऊन बसली. मंजूनं पाणी दिलं, लाडू दिला. शामकलानं लाडू हातात धरून ठेवला.

“बाई,” मंजू हळूच म्हणाली, “तुह्या मनात काय चालून राहिलं ते समजते मले. तुले कोनी सांगतलं नसन, पन तुह्या मानसाले म्याच नाई म्हनलं होतं.”

शामकलानं मान वर केली. “तू नाई म्हनलं? त्याहिले?”

“हो.”

“काऊन? काय कमी होतं?” आता हाही अपमान तिचाच झाला होता.

“सायकलनं आला होता पाहाले. रस्त्यात चेन उतरली असन, दोनी हात कारेकुट्ट. बाबानं इचारलं, काय झालं, तं म्हने काईच नाई. काऱ्या हातानंच पोहे खाल्ले, आन काईच नाई. म्या दाराआडून पाहत होती. म्हनलं, घर पेटलं तरी हा मानूस काईच नाई म्हनन. मले असा नोको.”

“चेन तं त्याहिनंच बसवली होती ना पन?”

“बसवली होती.”

“मंग?” शामकला म्हणाली आणि लाडवाचा घास घेतला. लाडू चांगला होता. त्याचंही तिला वाईट वाटलं.

इंजिन निवलं. लीलाधरनं चिरेवर चिंधी घट्ट बांधली, झाकण हळूहळू उघडून पाणी भरलं. निघताना शामकला उठली, फळीवरचा डबा उचलला आणि दोन्ही पायांच्या मध्ये गाडीत ठेवला.

“हे आमच्या घरी राहीन,” ती मंजूला म्हणाली.

“ने वो,” मंजू म्हणाली. “माही फळी मोकळी झाली.”

मंडईत तिनं काय पाहिलं ते तिला नंतर आठवलं नाही. परतताना सवाऱ्या उतरल्या, उतार लागला, गाडी गार चालली होती, तेव्हा ती बोलली.

“तिले सांगतलं. मले काऊन नाई?”

“तू हसली असती.”

“हसलीच असती. ते नाई हसली?”

“लय हसली.”

“मंग तिचं हसनं चालते आन माहं नाई?”

लीलाधरनं एक अख्खं वळण काढलं. मग म्हणाला, “तिचं हसनं तिच्या दारातच रायते. तुहं घरी येऊन जेवाले बसते.”

शामकलानं हे उत्तर सगळ्या बाजूंनी तपासलं. खोट निघाली नाही. राग गेला नाही, पण तो कुठं धरावा ते तिला सापडेना.

आमगावचा मिस्त्री कवडू, त्यानं दुसऱ्या दिवशी पाइप बदलला. “काकी, पाइप क्रॅक हो गया था,” तो हिंदीत सांगू लागला, आणि शामकला म्हणाली की ते तिला माहीत आहे, पट्टी नीट आवळ.

वास थांबला. बाह्या कोरड्या येऊ लागल्या. दरेकशाच्या दिवशीही स्वेटरला नुसती धूळ. शामकला तरी ते रोज हुंगते. मधूनच विचारते, “मंजूच्या दारात थांबले होते का?” आणि लीलाधर सांगतो, “सवारी उतरली तं थांबलो.” मग ती सवारीचं नाव विचारते.

परवा सकाळी ती भात वैरत होती. लीलाधर अंगणातून आत आला, उगाच टोपी काढली, पुन्हा घातली.

“गाडीचं मांगचं चाक आवाज करून राहिलं,” तो म्हणाला. “ब्रेक मारला की चरचर करते.”

शामकलानं पळी थांबवली. “आन कोनाले सांगतलं?”

“कोनालेच नाई.”

“मंजूले?”

“नाई वो. आताच तं आयकलं म्या. तुलेच सांगून राहिलो.”

ती हसली. त्यानं ते सहन केलं. मग तिनं भातावर झाकण ठेवलं, जाळ मागं ओढला, आणि चाक कसं चरचरतं ते ऐकायला व्हॅनमध्ये पुढल्या सीटवर जाऊन बसली.